उसाचा अंदाज : एक आकडा नको, दोन द्या



अलीकडे गटाच्या कोणत्याही बैठकीला गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, बारामतीकडं मोबाईलवर उसाचं सगळं कळतंय म्हणे. आपल्याकडं कधी येणार?" नवलाख उंबरे येथील बैठकीत तर याच विषयावर तासभर गेला आणि खोडव्याच्या खतांचा विषय तसाच राहिला. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट कंपनी व इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने ऊस शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचे काम हाती घेतले आणि २०२४ साली ते शेतकऱ्यांच्या प्लॉटवर गेले. २०२५ साली राज्य सरकारने शेतीसाठी महाॲग्री-एआय हे धोरण मंजूर केले. तेव्हा आज ना उद्या हे यंत्र आपल्याही शेतकी खात्यात येणार, आणि ते यावे असेच माझे मत आहे.

मात्र एक गोष्ट आत्ताच ठरवून घेतली पाहिजे. यंत्र एकरी टनेजचा जो आकडा सांगेल, तो एकटा घ्यायचा नाही. तो आकडा किती खाली-वर होऊ शकतो, हा दुसरा आकडा त्याच्याबरोबर मागून घ्यायचा. आणि आपल्या काट्यावरच्या वजनांनी तो दुरुस्त होत जाईल अशी सोय असेल, तरच त्याच्यावर तोडणी कार्यक्रम बांधायचा. असे का म्हणतो ते सविस्तर सांगतो. जरा गणित येईल, पण सावकाराच्या व्याजापेक्षा अवघड नाही.

अंदाजावर काय काय अवलंबून असते हे आपणांस ठाऊकच आहे. नोंदलेले क्षेत्र आणि चिटबॉयने धरलेले एकरी टनेज यांचा गुणाकार करून हंगामाचे गाळप ठरते. त्यावर टोळ्या किती आणायच्या, मुकादमांना उचल किती द्यायची, वाहने किती लावायची हे ठरते. अंदाज फुगला तर टोळ्या रिकाम्या बसतात आणि कारखाना लवकर बंद होतो. अंदाज आखडला तर शेवटच्या पाळीतील सभासदांचा ऊस एप्रिलच्या उन्हात उभा राहतो, लोळतो, वजन घटते, आणि मग तो माणूस गट ऑफिसात येऊन जे बोलतो ते इथे छापण्यासारखे नसते. त्याचा राग वाजवी असतो.

पूर्वी सरकारी पीक-अंदाजसुद्धा नजरेनेच व्हायचा. गावचा नेहमीचा उतारा धरायचा, यंदा पीक किती आणे आहे ते ठरवायचे, आणि गुणाकार करायचा. ती आणेवारी. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. पानसे यांनी या नजरअंदाजाच्या जागी पीक-कापणी प्रयोग देशभर रुजवले. गाव चिठ्ठी टाकून निवडायचे, शेत चिठ्ठी टाकून, शेतातला तुकडासुद्धा चिठ्ठी टाकून, आणि तेवढाच कापून तोलायचा. चांगला तुकडा दाखवायची सोय नाही आणि वाईटही दाखवायची नाही. आम्हा पदविकावाल्यांना संख्याशास्त्र माहीत आहे ते या मंडळींमुळे. पण सुखात्म्यांच्या पद्धतीने जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा अंदाज चांगला येतो. तुमच्या पंधरा गुंठ्यांत किती टन निघतील ते त्यातून कळत नाही. तेथे दुसरी विचारसरणी लागते, आणि गंमत म्हणजे तिचाही एक मोठा जाणकार आपल्याच ऊसपट्ट्यातला होता.

त्यांचे नाव प्रा. वसंत शंकर हुजूरबाजार. जन्म कोल्हापूरचा, १९१९ सालचा. ते केंब्रिजला गेले आणि तेथे हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. १९५३ साली पुणे विद्यापीठात गणित व संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी घेतली आणि दोन दशकांहून अधिक काळ सांभाळली. केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिक त्यांना १९६० साली मिळाले, पद्मभूषण १९७४ साली. १९९१ साली ते वारले. त्यांच्या कामाचा एक मोठा भाग असा, की ढीगभर मोजमापांतून कोणते दोन-चार आकडे जपून ठेवले म्हणजे बाकीची वही हरवली तरी माहिती बुडत नाही. ज्याने काट्याच्या पावत्यांचे गठ्ठे पाहिले आहेत, त्याला या प्रश्नाची किंमत समजेल. क्रिकेटपटू आणि नटांची नावे आपल्या पोरांना पाठ असतात. कोल्हापूरच्या या माणसाचे नाव ऊस पिकवणाऱ्या गावांत कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

त्यांचे गुरू जेफ्रीज हे भूकंपाचे अभ्यासक. पृथ्वीच्या पोटातला गाभा द्रवरूप असला पाहिजे हे त्यांनी १९२६ साली मांडले. पोटात उतरून बघता येत नाही. वर बसून, भूकंपाचे धक्के कुठे किती वेळाने पोचले एवढ्यावरून अनुमान काढायचे. अशा माणसाला अनुमानाचे नियम लागतातच. त्यांनी ते १९३९ च्या आपल्या ग्रंथात मांडले, आणि त्यांचा पाया थॉमस बेझ नावाच्या इंग्लंडमधील एका धर्मोपदेशकाच्या निबंधात होता. बेझ १७६१ साली वारले, निबंध त्यांच्या मित्राने १७६३ साली छापून आणला. सांगणे थोडक्यात असे : कोणत्याही गोष्टीविषयी आपला आधीचा एक समज असतो. नवा पुरावा आला की समज सोडून द्यायचा नाही आणि पुरावाही झटकून टाकायचा नाही. दोहोंची ताकद तोलून नवा समज करायचा. उद्या आणखी पुरावा आला की हा नवा समज म्हणजेच जुना, आणि पुन्हा तेच.

चांगला शेतकी मदतनीस हेच करतो, फक्त तो त्याला बेझ म्हणत नाही. समजा यंत्राने तुमच्या प्लॉटचा अंदाज एकरी ४५ टन सांगितला, आणि सांगितले की हा ६ टनांनी इकडे-तिकडे होऊ शकतो. आमच्या मदतनिसाने फडात शिरून ठिकठिकाणी ऊस मोजले, काही तोडून तोलले आणि म्हणाला, ३५ टन, फार तर ३ ने इकडे-तिकडे. आता कोणाचे खरे? ४५ धरायचे की ३५, की मधले ४०? यापैकी एकही नाही. ज्याची डळमळ कमी त्याला वजन जास्त, आणि ते डळमळीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात. सहाचा वर्ग ३६, तीनचा ९. म्हणून मदतनिसाच्या आकड्याला चार वाटे आणि यंत्राच्या आकड्याला एक वाटा. पस्तीस चोक एकशे चाळीस, त्यात पंचेचाळीस मिळवा, पाचाने भागा : ३७ टन. आणि त्याची डळमळ आता पावणेतीन टनांच्या आत आली, म्हणजे दोघांपैकी कोणाही एकट्यापेक्षा कमी. दोन्ही साक्षीदार ठेवल्याचा हा फायदा.

पण यात एक मेख आहे. हे गणित तेव्हाच खरे, जेव्हा मदतनिसाने यंत्राचा आकडा न बघता मोजणी केली असेल. बांधावर उभे राहून आधी मोबाईल पाहिला, पंचेचाळीस दिसले, आणि मग "असेल बुवा बेचाळीस-त्रेचाळीस" असे लिहिले, तर तो दुसरा साक्षीदार नव्हेच. पहिल्याचीच साक्ष दोनदा झाली. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात यंत्राचा आकडा मोजणीपूर्वी देऊच नये. याला काही सहकारी हरकत घेतील, की मग यंत्र आणून कष्ट वाचले कुठे? कष्ट वाचतात ते असे : ज्या प्लॉटविषयी यंत्र स्वतःच साशंक आहे तिथेच माणूस पाठवायचा. जिथे त्याची डळमळ थोडी, तिथे नमुन्यादाखल. यासाठी तो दुसरा आकडा पाहिजे, नाहीतर माणूस कुठे पाठवायचा ते कळणार कसे?

आता यंत्राला स्वतःची शंका कळते तरी कशी? याचे उत्तर कॅनडातील टोरांटो विद्यापीठातील रॅडफर्ड नील यांनी १९९५ च्या आपल्या प्रबंधात दिले. त्यांचे मार्गदर्शक जेफ्री हिंटन, ज्यांना २०२४ साली नोबेल मिळाले. शिकणाऱ्या यंत्राच्या पोटात असंख्य स्क्रू असतात असे समजा. नेहमीची रीत अशी, की जुन्या माहितीशी उत्तम जुळेल अशी स्क्रूंची एकच जुळवणी शोधायची आणि पुढे तीच वापरायची. नील यांचे म्हणणे, एकच का? जुन्या माहितीशी बऱ्यापैकी जुळणाऱ्या जुळवण्या हजारो आहेत. त्या सगळ्यांना, ज्याच्या त्याच्या जुळण्याच्या मानाने, मत द्या. एका अनुभवी मुकादमाला विचारण्याऐवजी शंभर मुकादमांना फड दाखवावा तसे. सगळे अडतीस-एकोणचाळीस म्हणाले तर निर्धास्त राहा. कुणी पंचवीस, कुणी पंचावन्न म्हणाला, तर समजा की असला फड यांच्यापैकी कोणी पाहिलेलाच नाही. हे काम संगणकाला जड जाते, वेळ खाते. म्हणून पुष्कळ ठिकाणी सोप्या मार्गाने एकच आकडा काढून हातात ठेवतात. दिसायला तो फार ठाम दिसतो. ठाम बोलणारा माणूस आणि खरे बोलणारा माणूस यांतला फरक आपल्याला निवडणुकांनी शिकवला आहेच.

"असला फड पाहिलेलाच नाही" ही गोष्ट आपल्या मावळाला नेमकी लागू पडते, म्हणून इतका वेळ घेतला. यंत्र शिकते ते जिथे माहिती भरपूर आहे तिथे. म्हणजे बारामतीसारखा कमी पावसाचा, बागायती भाग, सलग काळ्या रानातले मोठे प्लॉट. आपला मावळ मुळात भाताचा. वडगावच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी भात ही आपली ओळख. लोणावळ्याला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि पूर्वेकडे तळेगावच्या बाजूला येईपर्यंत तो झपाट्याने उतरतो. एकाच तालुक्यात एवढा फरक. नवलाख उंबऱ्याची बरीच जमीन एमआयडीसीत गेली. उरलेला ऊस भातखाचरांच्या मधून-मधून, दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यांत उभा आहे. बारामतीवर शिकलेले यंत्र इथे आणले, तर ते जणू त्या भागातला मदतनीस बदली होऊन आल्यासारखे. हुशार आहे, पण पहिल्या वर्षी त्याचे ऐकताना जरा थांबावे.

उपग्रहाचेच पाहा. युरोपच्या ज्या उपग्रहांची चित्रे फुकट मिळतात आणि शेतीसाठी खूप वापरली जातात, त्यांच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटर असतो. म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला गुंठा एकशे एक चौरस मीटरचा. जवळजवळ एक ठिपका म्हणजे एक गुंठा! दहा गुंठ्यांच्या चौकोनी तुकड्यावर असे नऊ-दहा ठिपके बसतात. त्यातले कडेचे ठिपके अर्धे बांधावर, नाहीतर शेजाऱ्याच्या भातावर. निव्वळ उसाचे म्हणावे असे चार मिळाले तरी नशीब. बारामतीच्या पाच एकरांच्या सलग प्लॉटवर मात्र ते दीडशेच्या वर असतात. वर आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेले, नेमके त्याच काळात ऊस कांड्यांवर येतो. ढगांतून पाहणारे रडारचे उपग्रह आहेत, त्यांचा उपयोग होतो, पण त्यांची चित्रे वाचणे वेगळे आणि अवघड. आणखी एक : पाने एकदा दाट झाली की हिरवेपणावरून पुढचे कळत नाही. तीस टनी आणि पन्नास टनी फड वरून सारखेच हिरवेगार दिसू शकतात.

मग नवलाख उंबऱ्यासारख्या थोड्या प्लॉटच्या गावाने करायचे काय? थांबून राहायचे का? नाही. याच विचारसरणीत एक सोय आहे, ती मला सर्वांत भावली. ज्या गावाची स्वतःची वजने थोडी, ते शेजारच्या गावांकडून उसनवारी करते. सुरुवातीला गावाचा अंदाज गटाच्या सरासरीच्या जवळ राहतो, आणि जसजशी गावाची स्वतःची वजने काट्यावर येत जातात, तसतसा तो सरासरीचे बोट सोडून स्वतःच्या पायावर उभा राहतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली सोयाबीनच्या उताऱ्यासाठी उपग्रहचित्रे वापरली, तेव्हा जवळच्या मुलखांचे आणि जवळच्या सालांचे आकडे एकमेकांना आधार देतील अशीच जोड त्यांनी दिली होती. त्यांचे मुलूख जिल्ह्याएवढे, आपले गाव मुठीएवढे. पण तत्त्व तेच.

रोग-किडीच्या इशाऱ्यांबाबतही बोलले पाहिजे, कारण तिथे थेट खिशाला हात लागतो. समजा एका गटात २०० प्लॉट आहेत आणि त्यांतल्या १० मध्ये हुमणी खरोखर लागली आहे. यंत्र लागलेल्या दहांपैकी आठ ओळखते; आणि निरोगी प्लॉटपैकी दर दहांत एकाला चुकून लागलेला म्हणते. ऐकायला यंत्र फार चांगले वाटते. आता हिशोब करा. निरोगी १९०, त्यांतले १९ चुकून धरले. खरे धरले ८. एकूण २७ सभासदांच्या मोबाईलवर धोक्याची सूचना गेली, आणि त्यांत खरी हुमणी फक्त ८ जणांकडे. तीनांत एकही पुरता नाही! सूचना आल्याबरोबर दुकान गाठून आळवणीचे औषध आणणारे १९ जण पैसे मातीत घालणार. म्हणून सूचना आली की आधी कुदळ. चार ठिकाणी बुडखा उकरून बघा, अळी दिसते का. न दिसली तर आमच्या माणसाला बोलवा. कंपनीच्या प्रतिनिधीला नंतर.

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हा माणूस यंत्राच्या विरुद्ध आहे असा समज व्हायचा. आमच्या खात्यातल्या आणि गावातल्याही काही जुन्या मंडळींचे म्हणणे, "यंत्राला काय कळतंय? आमची हयात फडात गेली." वर सांगितलेले जेफ्रीज, ज्यांनी समज सुधारण्याचे नियम घालून दिले, तेच भूखंड सरकतात ही गोष्ट अखेरपर्यंत मानायला तयार नव्हते. आपला भारतखंड सरकत येऊन आशियाला भिडला हे जगाने पुराव्यानिशी मान्य केले, तरी हा थोर माणूस १९८९ साली वारला तो नाही म्हणतच. त्यांच्याच गणिताप्रमाणे, एखाद्या गोष्टीला मनात शून्य जागा ठेवली की पुराव्याचे डोंगर आणले तरी शून्याचे शून्यच राहते. तेव्हा यंत्राला थोडी तरी जागा द्या. पहिल्या वर्षी एक वाटा, काट्याने खरे ठरवले तर पुढच्या वर्षी दोन.

आणि सगळे शेवटी येऊन थांबते ते काट्यावर. यंत्राला, मदतनिसाला आणि मला, तिघांनाही खोटे पाडू शकेल असा पुरावा तोच. पण तो पुरावाच भेसळीचा असला तर? इथे सभासदांना थोडे कडू बोलतो, राग मानू नये. वीस गुंठे लागण आणि नोंद तीस गुंठ्यांची. भावाचा ऊस आपल्या नावावर, आपला मेव्हण्याच्या. लागण नोव्हेंबरची, आणि पाळी लवकर यावी म्हणून तारीख ऑगस्टची. मधून बेण्याला चार गुंठे तोडले, चाऱ्याला दोन, त्याचा पत्ता नाही. हे सर्रास चालते आणि आमच्या खात्यातले लोक डोळेझाक करतात हेही तितकेच खरे. आजवर याने एखाद-दुसऱ्याची पाळी पुढे-मागे व्हायची, बोलाचाली व्हायची आणि मिटायचे. यंत्र आल्यावर ही खोटी नोंद शिकवणीत जाते. तीस गुंठ्यांत वीस गुंठ्यांचे टनेज निघाले की यंत्र शिकते, या शिवारात उतारा कमी. मग शेजारच्या, खरी नोंद देणाऱ्या सभासदाचाही अंदाज खाली येतो, कारण उसनवारी शेजारावरूनच होते. त्याच्या फडाला गाड्या कमी लागतात. त्याने कोणाचे काय केले होते?

संचालक मंडळापुढे माझी विनंती अशी आहे, की यंत्र पुरवणाऱ्या कोणाही कंपनीशी बोलणी करताना प्लॉटवार अंदाज आणि त्याची डळमळ, दोन्ही मिळतील आणि मोबाईलवर सभासदालाही दोन्ही दिसतील, अशी अट करारात घालावी. मागील हंगामांची आपली काट्याची वजने कंपनीने वापरली तर त्यांवर मालकी सभासदांची राहावी. आणि पहिला पूर्ण हंगाम यंत्राचा अंदाज फक्त लिहून ठेवावा, तोडणी कार्यक्रम जुन्या पद्धतीनेच चालवावा. हंगाम संपल्यावर अंदाज आणि काटा शेजारी-शेजारी मांडून याच अंकात छापावेत. सांगितलेल्या मर्यादेत किती प्लॉट बसले ते सभासदांनीच मोजावे.

सभासदांकडून सध्या एवढेच हवे : गट ऑफिसात लावलेल्या नोंद यादीत आपले क्षेत्र, जात, लागणीची तारीख आणि लागण की खोडवा हे तपासून पाहावे. बेण्यासाठी किंवा चाऱ्यासाठी ऊस तोडला असल्यास तेवढे गुंठे वजा करवून घ्यावेत. फरक असेल तर चिटबॉयच्या समोर शेत दाखवून दुरुस्ती करावी व दुरुस्तीची चिठ्ठी सहीनिशी जवळ ठेवावी. नवलाख उंबरे व आसपासच्या गावांतील वीस गुंठ्यांच्या आतील प्लॉटची मोजणी फडात शिरून करण्यासाठी स्वतंत्र कर्मचारी देण्याचे मी खात्याकडे मागितले आहे. तो आला की बांधावरूनच परत पाठवू नये.

आपला,
ऊस विकास अधिकारी